चाळीस वेढे

आमच्या तळमजल्यावरच्या काकांना 'साधारण' हा शब्द चालत नसे. "साधारण सातला येते" म्हटलं की ते विचारायचे, "म्हणजे सहा पंचावन्न की सात पाच? मला कुकर लावायचा असतो." दिल्लीतल्या द्वारकेत वीस वर्षं काढून मी सगळं साधारणच करत आले आहे. साधारण स्वयंपाक, साधारण नोकरी, मुलीच्या अभ्यासाकडे साधारण लक्ष. सरकारी ऑफिसातून मेट्रोत उभ्याने घरी येणाऱ्या बाईकडून याहून जास्त कुणी मागू नये. तेव्हा काकांचं नि माझं पटायचं काही कारण नव्हतं, आणि पटलंही नाही. मागच्या थंडीत ते गेले. तरी दिवसातून एकदा त्यांची आठवण येतेच, आणि आली की मला आणखी दमायला होतं.

काकांचा जन्म दिल्लीतच, पहाडगंजचा, शिक्षण तिथल्याच मराठी शाळेत, आणि सगळी नोकरी एका सरकारी खात्याच्या वायरलेस वर्कशॉपात. महाराष्ट्र त्यांनी पाहिला तो फक्त लग्नकार्यापुरता. मराठी मात्र नेमकी बोलायचे, अधूनमधून 'बिल्कुल' आणि 'अच्छा' पेरून. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी परदेशात होती. घरात टीव्ही नव्हता. तीन रेडिओ होते, तिन्ही उघडे. भेटेल त्याला अहो-जाहो करायचे, त्यात माळी आला, कचरेवाला आला, जिन्याखाली झोपणारा कुत्राही आला. "अहो, बाजूला होता का जरा?" असं ते त्या कुत्र्याला म्हणताना मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि तो उठून बाजूला व्हायचासुद्धा.

आमची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर जरा वर थांबते. सोसायटीत सगळ्यांना ते माहीत होतं आणि सगळ्यांचे पाय तिथे अडखळायचे. काकांनी एक दिवस पट्टी घेऊन मोजलं आणि आत कागद लावला, 'तीसरी मंज़िल पर दो इंच ऊपर रुकती है.' सेक्रेटरीने तो काढला. काकांनी पुन्हा लावला. असं सहा वेळा झालं. शेवटी कागद राहिला, लिफ्ट अजून दोन इंच वरच थांबते.

दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ वारले तेव्हाची गोष्ट. घरात माणसं मावत नव्हती, बायका रडत होत्या, आणि डोक्यावरचा पंखा कर्र कर्र करत होता. काका दोन मिनिटं बसले, उठले, खाली जाऊन तेलाची बुधली नि स्टूल घेऊन आले. लोक बघत राहिले. हे पंख्याला तेल घालून, हात पुसून पुन्हा आपल्या जागी येऊन बसले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं, आपला मराठी माणूस म्हणून. पुढे महिनाभराने त्या बाई मला म्हणाल्या, "उस दिन सबने कुछ ना कुछ कहा, मुझे एक बात याद नहीं. बस पंखा चुप हो गया था, वो याद है."

आता सरोजचं सांगते. ते टाळून काकांबद्दल काही सांगता येणार नाही, नाहीतर मी टाळलंच असतं.

सरोज आमच्याकडे सहा वर्षं झाडू-पोछा नि भांडी करायची. आमचं धरून सोसायटीत चार घरं होती तिची. काकांकडे ती पोळ्याही करायची. राहायची पालम गावात.

आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो. यमुनेत विसर्जन बंद झाल्यापासून सोसायटी पार्कच्या कोपऱ्यात खड्डा खणते, टँकर बोलावून पाणी भरते, आणि प्रत्येक घराला वेळ ठरवून देते. आम्हाला मिळाली होती साडेपाचची. नवऱ्याला नोएडाहून यायला उशीर झाला, खालून फोनवर फोन, टँकरवाल्याची घाई. कशीबशी आरती केली, दागिने उतरवले, मूर्ती उचलली नि निघालो. दुसऱ्या दिवशी माळ्याने खड्डा बुजवूनही टाकला. त्यानंतर दोन दिवसांनी मी दागिन्यांचा डबा कपाटात ठेवायला काढला, तर सोन्याचं जास्वंदीचं फूल नव्हतं. रुपयाच्या नाण्याएवढं फूल, मागे तार, मुकुटात खोचायचं. सासूबाईंच्या सासूबाईंचं.

त्या खोलीत आमच्याशिवाय गेली होती ती सरोजच. शनिवारी सकाळी ती कामावर येत होती तेव्हा मी तिला गेटवरच गाठलं. मी सांगितलं की फूल मी स्वतः, माझ्या हाताने काढून डब्यात ठेवलं होतं. ती म्हणाली, "भाभीजी, मैंने तो डिब्बा देखा ही नहीं." गार्डने तिचं सोसायटीत यायचं कार्ड काढून घेतलं. मी सोसायटीच्या ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या आणि दुपारपर्यंत तिची चारही घरं सुटली. पोलिसांकडे गेलो नाही, एवढं आपण चांगलं वागलो असं मला तेव्हा वाटत होतं.

संध्याकाळी काका वर आले, हातात मोजायची टेप. बसले नाहीत.

"फूल काढताना तुम्ही उभ्या होतात की बसला होतात?"

"काका, आत्ता नको हो. डोकं दुखतंय माझं."

"बिल्कुल. आत्ता नको. उद्या किती वाजता?"

मी म्हटलं, काका, त्या सरोजची बाजू घेऊन आला असाल तर स्पष्ट सांगा. ते म्हणाले, "मी कुणाची बाजू घेत नाही. तिने नेलं असेल तर ते तिच्याकडे आहे. डब्यात ठेवलंच नसेल तर ते मूर्तीबरोबर खड्ड्यात आहे. तिच्या घरात शिरून मला बघता येणार नाही. खड्ड्यात बघता येईल, ताई."

सेक्रेटरीने आधी धुडकावूनच लावलं. पार्क काय कुणाच्या बापाचा आहे का, असं म्हणाला. मग काकांच्या चिकाटीला कंटाळून म्हणाला, आधी तिथे सोनं आहे असं दाखवा, मग खणा. कुणी दुसरा असता तर हात जोडून परत आला असता. काकांनी घरी येऊन धातू शोधायचं यंत्र बनवायला घेतलं.

मी म्हटलं, "काका, ऑनलाइन मिळतं ना ते? उद्या घरी येईल."

"मिळतं. पण त्याला खाली काय दिसतंय ते त्यालाच ठाऊक. मी गुंडाळलेल्या तारेवर मला शंका तरी घेता येते."

जुन्या दिल्लीत जाऊन त्यांनी तांब्याची तार आणली, केसापेक्षा थोडी जाड, वर लाखेसारखा चकाकता थर असलेली. बादलीभोवती तिचे बावीस वेढे घेतले, दोऱ्याने करकचून बांधले, वर टेप. पाण्याच्या नळीचा दांडा, बिस्किटांच्या डब्यात बॅटरी नि सर्किट, कानाला हेडफोन. त्या वेढ्यांतून वीज सोडली की जवळपासचा धातू तिला उलट उत्तर देतो, ते उत्तर आपण कानाने ऐकायचं, असं त्यांनी मला समजावलं. सोनं त्याला ऐकू येतं का हे बघायला सोनं हवं होतं. म्हणून एका सकाळी त्यांनी माझ्याकडे मंगळसूत्राची वाटी मागितली. "नुसती वाटी. मणी नकोत, साखळी नको." तीन दिवस माझी वाटी त्यांच्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलेली होती. ऑफिसातल्या बायका माझ्या गळ्याकडे बघून एकमेकींकडे बघायच्या. कुणाकुणाला सांगत बसणार?

पार्कात पहिल्या रविवारी ते यंत्र जे ओरडायला लागलं ते थांबेचना. खड्डा बुजवताना माळ्याने कुठल्यातरी बांधकामाचा मलबा आत ढकलला होता. खिळे, तारांचे तुकडे, बाटल्यांची झाकणं. लोक बाल्कन्यांतून बघत होते, हसत होते. सेक्रेटरी म्हणाला, "अंकल, आपका तो पूरा पार्क सोने का है." काकांनी हेडफोन काढला, हातातल्या वेढ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "आप ठीक कह रहे हैं. बड़ा है ये." मला वाटलं, संपलं आता. देवाशपथ सांगते, मला बरं वाटलं.

काकांचं म्हणणं पडलं की मोठ्या वेढ्याला खोलवरचं ऐकू येतं, पण ते ढोबळ. बारीक जिन्नस ऐकायचा तर वेढा लहान हवा, आणि वेढे जास्त. मग माती थोडी थोडी वर काढायची, चादरीवर पसरायची आणि प्रत्येक घमेलं वेगळं तपासायचं. सेक्रेटरीला इतका वीट आला होता की त्याने खणायची परवानगी देऊन टाकली, फक्त रविवारी, आणि माती परत भरायच्या अटीवर. नवा वेढा गुंडाळायला तार धरायला कुणीतरी हवं होतं. मोजायलाही. काका वर आले आणि म्हणाले, "फूल तुमचं आहे. तुम्ही या."

हळदीची एक रिकामी प्लास्टिकची बरणी त्यांनी लाकडी दांड्यावर बसवली होती. ते बरणी फिरवणार, मी तारेचं रीळ पेन्सिलीवर धरून तार सोडणार आणि मोठ्याने मोजणार. तार सैल पडली तर आवाज भरकटतो, खरचटली तर वेढे आपसांतच चिकटतात, आणि मोजणी चुकली तर सगळंच चुकतं. चाळीस वेढे. एकोणचाळीस नाही, एकेचाळीस नाही.

"अकरा, बारा," मी मोजत होते.

"फूल मुकुटात कुठल्या बाजूला होतं?"

"उजव्या. तेरा, चौदा."

"कुठल्या हाताने काढलंत?"

"उजव्याच. पंधरा... सोळा झाले का हो?"

"मला नका विचारू. तुम्ही मोजताय."

मी म्हटलं, सोळाच असतील. काकांनी सगळी तार उलटी फिरवून रिळावर घेतली आणि म्हणाले, "पहिल्यापासून." माझा जीव नुसता कावला होता. रविवारची एक दुपार मिळते माणसाला, तीही यांच्या हळदीच्या बरणीपायी.

दुसऱ्यांदा मी लक्ष देऊन मोजलं. अठ्ठावीस झाले, एकोणतीस झाले.

"तुम्ही फूल काढलंत. मग डबा कुणी धरला होता?"

"सासूबाईंनी," मी म्हटलं. मला लख्ख दिसत होतं. त्यांचा सुरकुतलेला हात, उघडा डबा, तळाशी कापूस, आणि त्या म्हणत होत्या, तार वाकवू नकोस गं.

आणि माझं मोजणं तिथेच थांबलं. सासूबाई या वर्षी आल्याच नव्हत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे त्या नाशिकला दिराकडे होत्या. डबा धरलेला तो हात मागच्या वर्षीचा होता. दरवर्षी तीच आरती, तोच पाट, तोच डबा, तीच घाई. मी मागच्या वर्षीचं फूल काढून या वर्षीच्या डब्यात ठेवलं होतं, आणि त्याच्या जोरावर गेटवर उभी राहून एका बाईला चोर म्हटलं होतं.

काकांनी बरणी थांबवली. त्यांना कळलं होतं. मला वाटलं आता बोलतील, बोलावं असंही वाटलं. ते म्हणाले, "एकोणतीस की तीस?"

"माहीत नाही, काका."

त्यांनी तार पुन्हा उलटी फिरवली. तिसऱ्या वेळी ते काही बोलले नाहीत, मी पहिल्यापासून चाळीसपर्यंत मोजलं, आणि वर घरी येऊन भांड्यांचा ढीग घासायला घेतला.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "सोड यार आता. तिला दुसरीकडे काम लागलंही असेल." मीही माझी समजूत घातली. आठवण चुकली म्हणून सरोज सुटली असं थोडंच आहे? डब्यात फूल नव्हतं हे तर खरंच. मी गप्प बसले. कुणी म्हणेल, किती वाईट बाई. मी वाईट नव्हते, दमले होते. चूक कबूल करायलासुद्धा अंगात ताकद लागते, आणि ती मी रोज राजीव चौकला मेट्रो बदलताना संपवून येत होते. काका मात्र रोज आपल्या पोळ्या आपणच लाटत होते आणि पातेल्याच्या झाकणाने कापून गोल करत होते.

नोव्हेंबर लागला. हवा अशी की समोरची इमारत दिसत नव्हती, डोळे चुरचुरत होते, शाळा बंद होत्या. काका तोंडाला मास्क नि वरून मफलर गुंडाळून रविवारी सकाळी पार्कात हजर. माळी माती काढायचा, ते चादरीवर पसरायचे, वाकून वाकून तो लहान वेढा फिरवायचे. वय चौऱ्याहत्तर. खोकत होते. मी म्हटलं, "काका, बास करा. तब्येत बिघडेल." ते म्हणाले, "अजून दीड फूट बाकी आहे."

तिसऱ्या रविवारी त्यांनी माळ्याला माझ्याकडे पाठवलं. मी गाऊनवर शाल ओढून खाली गेले. चादरीवर शाडूचा एक गोळा होता, लाडवाएवढा. मूर्ती पाण्यात पुरती विरघळली नव्हती, तिचे असे गोळे झाले होते.

"हा वाजतोय," काका म्हणाले. "बाहेरून लोखंड दिसत नाही. मी फोडला नाही. तुम्ही फोडा."

मी दोन्ही हातांनी दाबला. आतून फूल निघालं, मागच्या तारेसकट, पाकळ्यांत माती भरलेलं. माळी हात जोडून "गणपती बप्पा" म्हणाला. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, हे सापडायला नको होतं.

काकांनी ते धुतलं, पुसलं, आणि रिकाम्या काडेपेटीत घालून स्वतःच्या खिशात ठेवलं. म्हणाले, "तिला सांगून आलात की देतो."

मी दोन आठवडे काढले. आधी मुलीची परीक्षा होती, मग ऑफिसात पार्लमेंटच्या प्रश्नांची उत्तरं पाठवायची घाई. काकांनी एकदाही विचारलं नाही. जिन्यात भेटले की नमस्कार करायचे, तो मात्र रोज. शेवटी एका शनिवारी मीच त्यांची बेल वाजवली आणि म्हटलं, चला. ई-रिक्षा करून आम्ही पालमला गेलो.

सरोजची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. ती तांदूळ निवडत बसली होती. तिने आम्हाला पाणी दिलं. मग कळलं की ती आता एका लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासते, दोन्ही हातांची कातडी सोलवटली होती. मी सगळं सांगितलं. फूल सापडलं, कुठे सापडलं, चूक माझी होती, मला माफ कर, परत ये, तुझी चारही घरं मी बोलून परत मिळवून देते. मला रडू येत होतं. तिला येत नव्हतं.

"ये मुझे क्यों बता रही हो भाभीजी?" ती म्हणाली. "मुझे तो मालूम था मैंने नहीं लिया. उनको बताओ जिनको नहीं मालूम."

तिने पुन्हा ताट मांडीवर घेतलं. काकांनी तिला, "आते हैं जी," म्हटलं आणि आम्ही उतरलो.

परतल्यावर मी सरळ वर जाणार होते. ग्रुपवर लिहून टाकू, असा माझा विचार होता. काका गेटवर थांबले ते हललेच नाहीत, म्हणून मीही थांबले. दिवाळीनंतर गार्डची एजन्सी बदलली होती. केबिनमध्ये होता तो नवाच मुलगा, कानाला मफलर बांधलेला, त्या दिवशी यातलं काही न पाहिलेला.

मी विचारलं, "भैया, सरोज का कार्ड बंद है ना यहाँ?"

"कौन सरोज, मैडम?" तो म्हणाला. मग त्याला काहीतरी आठवलं. त्याने केबिनच्या काचेला आतून चिकटवलेल्या एका फोटोवर बोट ठेवलं. कार्डावरचाच फोटो मोठा करून लावला होता. "ये वाली? इसको अंदर नहीं आने देना है. ये तो चोर है."

त्याने तिला जन्मात पाहिली नव्हती.

"नहीं है," मी म्हटलं. "इसने कुछ नहीं लिया था. ग़लती मेरी थी."

भाजीच्या पिशव्या घेऊन आत येणाऱ्या दोन बायका थांबल्या. इस्त्रीवाल्याने मान वर केली. माझा आवाज माझ्या शालीतच राहिला होता. मी काकांकडे बघितलं. म्हटलं, आता तरी म्हणतील, झालं, चला घरी.

"जोरात बोला, ताई," काका म्हणाले. "त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आलं होतं."

मी फोटोकडे बघून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, जोरात.